पुण्यातल्या मेक्सिकन फास्ट फूडवाल्यांनो, आमचा राजमा परत द्या

प्रति,
पुण्यातल्या मेक्सिकन फास्ट फूड चेन्स आणि क्लाउड किचन्सचा मेनू ठरवणारे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

काउंटरवरच्या मुलांसाठी हे पत्र नाही, त्यांच्या हातात काही नसतं हे मला माहितीये. हे पत्र तुमच्यासाठी आहे, जे मीटिंगमध्ये बसून ठरवता की पुणेकराला टाकोमध्ये, म्हणजे त्या दुमडलेल्या पोळीत, काय भरून द्यायचं. निमित्त असं की आमच्या कर्वे रोडच्या बाजूच्या एका आउटलेटला नवीन मेनू लागलाय आणि त्यातून बीन्सचा, म्हणजे राजम्याचा, बाऊल गायब झालाय. त्याच्या जागी दोन नवे पदार्थ आलेत, दोन्हीत पनीर, दोन्हीवर चीज सॉस, आणि शेजारी स्टिकर की अजून चीज हवं असेल तर ४० रुपये. बाऊल का काढला विचारलं तर उत्तर आलं, "मॅम, वो आयटम मूव्ह नहीं हो रहा था." अहो होत नव्हता म्हणजे काय, मी आणि माझी लेक तोच तर खात होतो!

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. दूध मला पचत नाही, पंचेचाळिशीनंतर तर ते जास्तच जाणवायला लागलं, त्यात शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं मैदा आणि तळलेलं कमी करा, चीज-बटर बंद, कडधान्यं वाढवा. लेक इंजिनिअरिंगला आहे, ती वीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप, मध काहीच नाही. घरी आमचं काही अडत नाही, भाकरी, आमटी, उसळ, कोशिंबीर, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, सगळं आपोआप जमतं. अडतं ते बाहेर. तिच्या ग्रुपचे वाढदिवस तुमच्याकडे, आमच्या स्टाफरूमची परीक्षेच्या दिवसातली ऑर्डर तुमच्याकडून, आणि माझी अकरावी-बारावीची पोरं कॉलेज आणि क्लासच्या मधल्या वेळात जेवायला म्हणून जातात तीही तुमच्याकडेच. त्यामुळे तुम्ही काय विकता हा माझ्यासाठी फक्त आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल की मग पिझ्झावाल्यांना का नाही लिहीत, बर्गरवाल्यांना का नाही. नाही लिहीत, कारण त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नाही, पिझ्झातून चीज काढलं तर खाली ब्रेड आणि केचप उरतं. तुमचं तसं नाही. तुम्ही ज्या देशाच्या नावाने दुकान लावलंय तिथल्या शेतकऱ्याचं मूळ जेवणच शेतातल्या पिकांतून आलेलं आहे. मका, घेवडा आणि भोपळा ही तिन्ही पिकं तिथे हजारो वर्षं एकाच शेतात शेजारीशेजारी लावतात, त्या शेताला मिल्पा म्हणतात, घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, त्याची मुळं जमिनीत नायट्रोजन धरतात आणि भोपळ्याची पानं खाली ओल टिकवतात. मक्यात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो तो घेवड्यात भरपूर, घेवड्यात मिथिओनिन हा दुसरा घटक कमी तो मक्यात मिळतो, म्हणजे आपल्या भाकरी-उसळीचंच गणित. आणि मका ते नुसता दळत नाहीत, चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन मग वाटतात, त्याने त्यातलं नायसिन, म्हणजे बी३ व्हिटॅमिन, शरीराला मिळण्यासारखं होतं आणि वर कॅल्शियमही मिळतं. मका युरोपात गेला पण ही चुन्याची युक्ती गेली नाही, म्हणून तिथे मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला, हे मी दरवर्षी व्हिटॅमिन शिकवताना सांगते आणि पोरं ऐकतात बरं का, कारण टाकोचा विषय निघतो!

गायी तिकडे नेल्या स्पॅनिश लोकांनी, सोळाव्या शतकात. म्हणजे चीज आणि सावर क्रीम हे त्या जेवणात नंतर आलेले पाहुणे, आणि टाकोवर जे पिवळं किसलेलं चेडार तुम्ही टाकता ते तर मेक्सिकोपेक्षा टेक्ससचं जास्त. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला वारसा म्हणून यादीत घेतलं तेव्हा त्याच्या मुळाशी मका, घेवडा आणि मिरची हेच धरलंय. असो, मी काही शुद्धतावादी नाही, बाकीच्यांनी चीज खुशाल खावं. माझं म्हणणं एवढंच की मूळ माल काढून टाकून पाहुण्याला घर देऊ नका.

आणि हा मूळ माल आपल्याकडे दुर्मिळ आहे का? साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा पिकतो, अंगावर पट्टे असलेला, त्याला जीआय टॅग आहे, म्हणजे तो त्याच भागाचा अशी सरकारी नोंद. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो, आपला राजमा, तिकडचा पिंटो आणि ब्लॅक बीन, सगळे एकाच जातीचे, फेजिओलस व्हल्गॅरिस. टोमॅटोचं मोठं मार्केट नारायणगावला, पुण्यापासून दोन-अडीच तासांवर. कांदा, कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची मंडईत ढीगभर. तुमचा साल्सा, म्हणजे टोमॅटोची चटणीच की, करायला बाहेरून काय आणावं लागतं ते मला खरंच कळत नाही.

आता तक्रारी. एकेक करून सांगते.

पहिली, हिरवा ठिपका. "यात दूध आहे का" असं विचारलं की तुमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं, "व्हेज है मॅम." अहो, हिरवा ठिपका दुधाला चालतोच ना, आपल्या कायद्यात दूध, दही, चीज हे सगळं शाकाहारीतच येतं, त्यामुळे हे माझ्या प्रश्नाचं उत्तरच नाही. एकदा मी मराठीत विचारलं तर काउंटरवरचा मुलगा लातूरकडचा निघाला, लगेच सूर बदलला, म्हणाला, "काकू खरं सांगू का, आम्हाला पण माहिती नसतं, थांबा पाकीट आणतो." आत जाऊन फ्रीझरमधून टिक्कीचं पाकीट आणलं, वर बर्फ धरलेला, त्याने तो बाहीने पुसला, मी चष्मा कपाळावर सरकवून मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचलं, बटाटा, मैदा, स्टार्च, पाम तेल, मग मिल्क सॉलिड्स. मेयोच्या पाउचवर मोठ्या अक्षरात एगलेस आणि मागे पुन्हा मिल्क सॉलिड्स. चिपोटले, म्हणजे धुरावलेल्या मिरचीचा, सॉस म्हणून पिळायची बाटली होती त्यावर तर नुसतं मार्करने 'सी' लिहिलेलं, आत काय आहे ते त्यालाही माहिती नव्हतं, मलाही कळलं नाही. मागे रांग वाढत होती, कोणीतरी "अहो चला ना पुढे" म्हणालंच. त्या मुलाने माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं तुमच्या कस्टमर केअरने कधी केलं नाही, पण गिऱ्हाइकाने फ्रीझरमधली पाकिटं वाचत उभं राहायचं ही काही व्यवस्था नव्हे. आमच्या स्टाफमधल्या एकीच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, न पचणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी, ॲलर्जीत जीवावर बेतू शकतं. ती तुमच्या दारात पाऊलसुद्धा टाकत नाही.

आणि हे सांगणं तुमच्या मर्जीवर नाहीये. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२०च्या लेबलिंग आणि डिस्प्लेच्या नियमांप्रमाणे ज्यांच्याकडे सेंट्रल लायसन्स, म्हणजे केंद्राचा परवाना, आहे किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी आउटलेट आहेत त्यांनी मेनूवर प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी लिहायच्या, ॲलर्जेनची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकते अशा घटकांची, माहिती द्यायची, त्यात दूध, गहू, सोया, शेंगदाणे सगळं आलं, आणि गिऱ्हाइकाने मागितली तर पोषणाची बाकी माहितीही द्यायची. २०२२पासून हे लागू आहे. काही ठिकाणी कॅलरी लिहिलेल्या दिसतात, मान्य, पण वरच्या स्क्रीनवर इतक्या बारीक आणि दर पाच सेकंदांनी जाहिरात फिरते, की वाचून होईपर्यंत चुरोज नावाच्या गोड पदार्थाचा फोटो येतो. ॲलर्जेनचा तक्ता मागितला तर मॅनेजरला फोन लागतो, मॅनेजर एरिया मॅनेजरला फोन लावतो, तोपर्यंत माझ्या जेवणाच्या सुटीचा अर्धा तास संपलेला असतो.

दुसरी तक्रार ॲपची. तुमच्या ॲपवर सगळं वाढवता येतं, चीज वाढवा, पनीर वाढवा, मेयो वाढवा, डिप घ्या, पण काढायचं बटण नाही! सूचना लिहायची चौकट असते त्यात मी "नो चीज, नो मेयो, नो सावर क्रीम" असं लिहिते आणि पार्सल उघडलं की वर पांढऱ्या रेघांची नक्षी. तक्रार केली की कूपन मिळतं, त्याच पदार्थावर. ज्यांना ॲलर्जी नाही ते पुसून खातील, लेक खात नाही, ती सरळ डबा बंद करून ठेवते आणि मग घरी येऊन पोहे करते.

तिसरी पैशाची, आणि इथे मी पक्की पुणेकर आहे हे आधीच सांगते. चीज वाढवलं तर ४० रुपये. चीज काढलं तर शून्य. मग ते चीज गेलं कुठे? बरं पैसे नका देऊ परत, त्याच्या जागी मूठभर बीन्स घाला, साल्सा जास्त घाला, लेट्यूस घाला, काहीतरी घाला. अमेरिकेतल्या एका मोठ्या चेनमध्ये "फ्रेस्को" असा एक शब्द उच्चारला की चीज, क्रीम वगैरे काढून त्याच्या जागी टोमॅटो घालून मिळतो, तिकडे हे जमतं. चिपोटले नावाच्याच तिकडच्या दुसऱ्या चेनने २०१४मध्ये सोफ्रितास म्हणून मसाल्यातला टोफू देशभर आणला, तिकडे मांसाच्या शेजारी तो तसाच उघड्या ट्रेमध्ये असतो, मागायचा आणि घ्यायचा. इथे मात्र मी चीज नको म्हटलं की माझा बरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली पोळी, निम्मा होतो आणि पैसे पूर्ण लागतात.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तुमचं "व्हेज" म्हणजे बटाटा. टाकोत बटाट्याची टिक्की, बरिटोत बटाट्याचे वेजेस, बाजूला फ्राइज, म्हणजे तोही बटाटाच. बटाट्याशी माझं वैर नाही, पण मैद्याच्या पोळीत भात, भातावर तळलेला बटाटा, त्यावर मक्याचे तळलेले चिप्स चुरून, आणि सोबत कोला, हे जेवण शुगर बॉर्डरवर असलेल्या बाईने कसं खायचं? त्यात प्रथिनं कुठे आहेत? शंभर ग्रॅम शिजवलेल्या राजम्यात साधारण आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात, सहा-सात ग्रॅम फायबर, आणि फॅट जवळजवळ नाही. एक वाटीभर घातला तर दुपारचं जेवण होतं. तुम्ही घालता किती? पूर्वीच्या त्या बाऊलमध्येसुद्धा भाताच्या डोंगरावर राजमे इकडे एक तिकडे एक, लेक त्यांना "अतिथी कलाकार" म्हणायची. तरी आम्ही तो घेत होतो, आता तोही गेला.

त्यात मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, दिवसभरात, सगळं मिळून. तुमच्या टॉर्टिलात, म्हणजे त्या पोळीत, मीठ, सीझनिंगमध्ये मीठ, चीज सॉसमध्ये मीठ, चिप्सवर वरून भुरभुरलेलं मीठ. मेनूवर कॅलरी आहेत पण मिठाचा आकडा नाही. माझ्या घरी सासूबाईंना बीपी आहे, त्यांना तुमचा साल्सा आवडतो, पण किती द्यावा हे मी कशावरून ठरवायचं?

आणि तो तळलेला वाटीसारखा शेल, ज्यात तुम्ही सॅलड भरता आणि मेनूत पानाचं चित्र काढता. सॅलड तळलेल्या परातीत ठेवून ते हेल्दी होत नाही हो.

बाकी दोन बारीकसारीक. फ्रायर एकच असतो, चिकन आणि बटाटा एकाच तेलात, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, माझ्या श्रावण पाळणाऱ्या मैत्रिणींना कळलं तर त्या किंचाळतील. आणि जानेवारी आला की तुम्ही महिनाभर वीगन म्हणून नकली मटणाचा खिमा आणता, दुप्पट किमतीत, फेब्रुवारीत तो नाहीसा. नको आम्हाला नकली मटण. वीगनच्या लोगोचे नियमसुद्धा आपल्याकडे २०२२मध्ये आलेत, त्यामुळे तो शब्द जाहिरातीत वापरायचा तर ते नियम पाळावे लागतील, पण तो शब्द वापरूच नका म्हणते मी, साधा राजमा द्या, कोणी विचारणारही नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. राजमा रात्री भिजवावा लागतो, चांगला खळखळून उकळावा लागतो, अर्धाकच्चा राहिला तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी घटकाने लोकांना उलट्या होतात. शिजल्यावर ६० अंशांच्या वर गरम ठेवावा लागतो, दिवसअखेर उरला तर टाकून द्यावा लागतो. फ्रोझन टिक्कीचं तसं नाही, ती महिनोन्महिने फ्रीझरमध्ये पडून राहते आणि कोणत्याही नवख्या मुलाला तेलात सोडता येते. म्हणून तुम्ही टिक्की निवडलीत. चव, मागणी, पुणेकरांची आवड वगैरे नंतर सांगायला आहे. पण तुमचा भात, साल्सा पण रोज होतोच ना? सेंट्रल किचनमधून शिजवून, थंड करून, रोजच्या मापाने पाठवता येईल, नाहीतर बंद पाऊचमधला शिजवलेला राजमा मिळतोच बाजारात. चीजपेक्षा तो नक्की स्वस्त पडेल, हिशेब तुम्हीच करून बघा.

आणि "पुणेकरांना चीजच लागतं" हे मला सांगू नका. रविवारी सकाळी या शहरात कुठल्याही नावाजलेल्या मिसळीच्या दुकानाबाहेर जाऊन बघा, लोक नाव लिहून, टोकन घेऊन, उन्हात उभे असतात, मटकीच्या उसळीसाठी. मोड आलेलं कडधान्य, तिखट रस्सा, वर कांदा, लिंबू, कोथिंबीर. यात दुधाचा थेंब नाही आणि कोणाला त्याची आठवणही येत नाही. हीच माणसं संध्याकाळी तुमच्याकडे येतात. त्यांना उसळ विकता येत नाही असं जर तुमच्या मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं असेल तर त्यांना एकदा सदाशिव पेठेत फिरवून आणा.

तर आमच्या मागण्या, सरळ सांगते.

बीन्स परत आणा, वर्षभर, आणि मुख्य पदार्थ म्हणून, बाऊलमध्ये आणि बरिटोत दोन्हीकडे, निदान एक वाटी. राजमा, वाघ्या घेवडा, चवळी, काळे हरभरे, काहीही चालेल.

काउंटरवर आणि ॲपवर "चीज, क्रीम, मेयो काढा" असं एकच बटण द्या, आणि काढलं की त्याच्या जागी बीन्स किंवा साल्सा, जादा पैसे न घेता.

ॲलर्जेनचा तक्ता मराठीत आणि इंग्रजीत छापून काउंटरवर चिकटवा, सॉसच्या प्रत्येक बाटलीचा त्यात उल्लेख असू द्या, आणि मिठाचा आकडाही लिहा. दर वेळी मॅनेजरला फोन नको.

मैद्याशिवाय दुसरी पोळी ठेवा, मक्याची मऊ टॉर्टिला, तळलेली नाही. ज्वारीची केलीत तरी आम्ही खाऊ, आम्हाला कुठे मेक्सिकोचं सर्टिफिकेट हवंय.

फ्रायर वेगळा ठेवता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे ज्याला चालतं तो खाईल. आणि कॉम्बोमध्ये फ्राइज-कोलाऐवजी साधं लिंबूपाणी आणि सॅलड घ्यायची सोय करा.

नव्या टर्मच्या आधी निदान पहिल्या दोन मागण्यांचं काय ते कळवा. आमच्या स्टाफरूमची ऑर्डर तोपर्यंत मी दुसरीकडून मागवतेय, इडलीवाल्याकडून, त्याला सांबारात काय काय आहे ते तोंडपाठ आहे.

आपली,
कोथरूडची एक जुनी गिऱ्हाईक

ता. क. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, तोपर्यंत काय करायचं ते सांगते. जिथे अजून बीन्स आहेत तिथे बीन्सचा बरिटो किंवा बाऊल घ्या, चीज, सावर क्रीम, मेयो आणि सगळे क्रीमी सॉस नको म्हणून सांगा, त्याऐवजी टोमॅटो साल्सा, कांदा, लेट्यूस, हालापेनो मिरची आणि लिंबू मागा, भात निम्मा करा, जमलं तर बीन्स डबल घ्या. ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकॅडोची चटणी, असेल तर त्यात क्रीम किंवा मेयो मिसळलंय का ते विचारा, खूप ठिकाणी मिसळतात. टिक्कीवर विश्वास ठेवू नका, पाकीट बघायला मागा. भातात बटर आहे का तेही विचारा. आणि ऑर्डर शक्यतो काउंटरवर उभं राहून द्या, समोर भरताना दिसतं तेव्हा हात आपोआप बाटलीकडे जायच्या आत थांबवता येतो.